छाती उघडी असताना हाताशी हवं असं यंत्र: हातात मावणारा ब्लड गॅस अ‍ॅनालायझर

तुमच्याकडे प्राण्यांची छाती उघडून शस्त्रक्रिया होत असतील, तर रक्तातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पीएच मोजणारं हे यंत्र घ्या. निकाल आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्या तक्रारीही बऱ्याच लिहिणार आहे आणि त्या वाचून कुणी घ्यायचं थांबू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी पशुवैद्यक आहे, काम भुलीचं. सर्जन फुफ्फुसाचा लोब (एक खंड) काढत असतो, फाटलेला डायफ्रॅम (छाती आणि पोट यांमधला पडदा) शिवत असतो किंवा पिल्लाच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली नळी बांधत असतो, तेव्हा मी जनावराच्या डोक्याशी असते. श्वास, रक्तदाब, भुलीची खोली ही माझी जबाबदारी. हा रिव्ह्यू त्या जागेवरून लिहिला आहे. एका विशिष्ट मॉडेलबद्दल तो नाही. कार्ट्रिज घालून चालणाऱ्या या जातीच्या यंत्रांचं तत्त्व सारखंच असतं आणि त्यांच्या खोडीही त्या तत्त्वातूनच येतात.

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात. रक्ताचे दोन-तीन थेंब, म्हणजे 0.1 मिलिलिटरच्या आसपास, एका छोट्या कार्ट्रिजमध्ये भरायचे, झाकण लावायचं, कार्ट्रिज यंत्रात सरकवायची. कार्ट्रिजच्या आतच बारीक इलेक्ट्रोड आणि कॅलिब्रेशनचं द्रव असतं. यंत्र आधी स्वतःला तपासतं, मग रक्त 37 अंशांवर नेऊन मोजतं. साधारण दोन मिनिटांत पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन स्क्रीनवर येतात; कार्ट्रिजच्या प्रकाराप्रमाणे सोडियम, पोटॅशियम, आयनाइज्ड कॅल्शियम, ग्लुकोज, हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) मिळतात. मॉनिटरवर पल्स ऑक्सिमीटर (हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, म्हणजे सॅच्युरेशन, दाखवणारा) आणि कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा) दोन्ही चालू असताना हे तिसरं कशाला, असं मला नेहमी विचारलं जातं. छाती बंद असेल तर अनेकदा त्या दोघांवर भागतं. उघड्या छातीत मात्र ते दोघेही नेमक्या महत्त्वाच्या वेळी गप्प बसतात.

फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, साधारण उणे 5 सेंमी पाणी. त्या ओढीवर फुफ्फुस फुललेलं राहतं. बरगड्यांमधून आत शिरलं की ती ओढ जाते आणि फुफ्फुस आपल्याच लवचिकपणाने आक्रसतं. कुत्र्या-मांजरांत दोन बाजूंमधला मेडियास्टिनमचा पडदा इतका पातळ असतो की हवा बऱ्याचदा पलीकडेही पोहोचते. त्यामुळे जनावराने स्वतःहून श्वास घेण्यावर विसंबता येत नाही, व्हेंटिलेटरनेच हवा भरावी लागते. त्यात प्राणी कुशीवर झोपवलेला. खालच्या फुफ्फुसावर हृदयाचं आणि मेडियास्टिनमचं ओझं, पोटातले अवयव डायफ्रॅम पुढे ढकलतात, म्हणून तिथे हवा कमी जाते. गुरुत्वाकर्षणाने रक्त मात्र तिकडेच जास्त. वरचं फुफ्फुस सर्जनने ओल्या स्पंजने दाबून बाजूला धरलेलं. रक्त जिथून वाहतंय तिथे हवा नाही, असे फुफ्फुसाचे मोठे भाग तयार होतात. तिथून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच धमनीत येतं. हा शंट.

बंद पडलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या आपोआप आकुंचन पावून रक्त चांगल्या भागाकडे वळवतात, ही शरीराची स्वतःची सोय आहे. पण आयसोफ्लुरेन किंवा सेव्होफ्लुरेन ही श्वासावाटे द्यायची भुलीची औषधं जितकी जास्त, तितकी ही सोय दुबळी होते. म्हणजे भूल खोल करत गेलं की शंट वाढायला आपणच हातभार लावतो. छातीच्या केसेसमध्ये मी बरगड्यांच्या नसांना बुपिव्हॅकेनचा (बधिर करणाऱ्या औषधाचा) ब्लॉक देते आणि फेंटानिल हे वेदनाशामक चालू ठेवते, म्हणजे ती भुलीची औषधं कमी पुरतात; त्यामागे वेदनेइतकंच हेही कारण आहे.

आता एक केस, कारण यंत्राची खरी किंमत तिथे कळते. 28 किलोची मध्यमवयीन कुत्री, उजव्या फुफ्फुसाच्या मागच्या लोबमध्ये गाठ. डावी कूस खाली, 100 टक्के ऑक्सिजन, मागच्या पायाच्या पंजावरच्या धमनीत 22 गेजची कॅथेटर. छाती उघडण्याआधीचं सॅम्पल: पीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) 480, पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) 42 मिमी पारा. छान. लोब मोकळा करताना सर्जनने फुफ्फुस बराच वेळ दाबून धरलं होतं. पल्स ऑक्सिमीटर 99 दाखवत होता, कॅप्नोग्राफवर 41. दोन्ही आकडे पाहून कुणीही निर्धास्त झालं असतं. मी ठरलेल्या वेळेला सॅम्पल काढलं. पीओटू 110, पीसीओटू 58, पीएच 7.19.

480 वरून 110 ही घसरण पल्स ऑक्सिमीटरला दिसतच नाही. हिमोग्लोबिन 110 लाही जवळजवळ भरलेलंच असतं, म्हणून सॅच्युरेशन 98-99 वर बसून राहतं आणि पीओटू आणखी बराच खाली गेल्यावर मग भराभर घसरतं. कड्याच्या टोकापर्यंत सपाट रस्ता, तसं हे. समुद्रसपाटीला शुद्ध ऑक्सिजनवर वायुकोशातला ऑक्सिजन काढायचा तर 760 मधून पाण्याच्या वाफेचे 47 आणि कार्बन डायऑक्साइडचे 58 वजा करायचे: 655. वायुकोशात 655 आणि धमनीत 110, म्हणजे हृदयाकडून येणाऱ्या रक्ताचा पावभागाहून जास्त हिस्सा हवेला न भेटताच पुढे चालला होता. शुद्ध ऑक्सिजन आधीच चालू होता, त्यामुळे ऑक्सिजन वाढवण्याची सोयही उरली नव्हती. उपाय एकच, बंद पडलेलं फुफ्फुस उघडणं.

सर्जनला हात काढायला सांगितलं, स्पंज बाहेर काढले. फुफ्फुस 25 सेंमी पाण्याच्या दाबावर 10-15 सेकंद फुगवून धरलं, रक्तदाबावर नजर ठेवून, कारण छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. मग 5 सेंमीचा पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) लावला, श्वासांचा वेग वाढवला, आयसोफ्लुरेन थोडं उतरवलं. गुलाबी रंग परत येताना उघड्या छातीत डोळ्यांनी दिसतो. पुढचं सॅम्पल: पीओटू 310, पीसीओटू 44, पीएच 7.31. सर्जनने काम पुन्हा सुरू केलं. हा सगळा निर्णय दोन मिनिटांत आलेल्या एका ओळीवर झाला, आणि ती ओळ दुसऱ्या कुठल्याही मॉनिटरने दिली नसती.

कॅप्नोग्राफचं काय झालं, तेही सांगते. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड धमनीतल्यापेक्षा निरोगी फुफ्फुसात जेमतेम 2 ते 5 ने कमी असतो. छाती उघडल्यावर फुफ्फुसाच्या काही भागांत हवा जाते पण रक्त पोहोचत नाही, तिथली कोरी हवा बाहेर येताना बाकीच्या हवेत मिसळते आणि आकडा पातळ करते. फरक 10-15 पर्यंत सहज जातो. या कुत्रीत स्क्रीनवर 41 होते आणि रक्तात 58. मी कॅप्नोग्राफवर विसंबून व्हेंटिलेटर तसाच ठेवला असता, तर पीएच आणखी उतरला असता, पोटॅशियम वर सरकलं असतं, हृदयाच्या ठोक्यांत गडबड सुरू झाली असती. उलटही होतं: पिल्लाला घाबरून जोरजोरात हवा भरली जाते, पीसीओटू 20 च्या आसपास पोहोचतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि छातीतल्या दाबाने रक्तदाबही पडतो. छाती उघडल्यावर एक सॅम्पल काढून दोघांमधला फरक मोजायचा, मग कॅप्नोग्राफ त्या फरकासकट वाचायचा. फुफ्फुसाची मांडणी बदलली, स्पंज हलवला, लोब क्लॅम्प केला की फरकही बदलतो, म्हणून पुन्हा सॅम्पल.

इंग्लिश वैज्ञानिक रॉबर्ट हूकने 1667 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर छाती उघडलेल्या कुत्र्याला भात्याने हवा भरून जिवंत ठेवलं. फुफ्फुसांना टोचे मारून त्यांतून हवा अखंड वाहती ठेवली तेव्हा फुफ्फुसं हलत नसतानाही कुत्रा जगला, आणि फुफ्फुसाची हालचाल नव्हे तर आत जाणारी ताजी हवा महत्त्वाची आहे हे दिसलं. त्या प्राण्याला भूल नव्हती. हे वाचताना मला आजही त्रास होतो. रक्तात नेमकं काय बदलतं हे टेबलाशेजारी मोजता येण्यासाठी पुढे जवळजवळ 300 वर्षं जावी लागली: लीलंड क्लार्कचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड 1950 च्या दशकातला, आणि पीएच, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन तिन्ही एकत्र मोजणारं पहिलं उपकरण जॉन सेव्हरिंगहाउस आणि ब्रॅडली यांनी 1958 मध्ये जुळवलं. आज तीच तत्त्वं तळहातावर मावतात. माझ्या टेबलावरचा प्राणी वेदनेशिवाय झोपलेला असतो आणि त्याच्या रक्तातला प्रत्येक बदल मला वाचता येतो, याचं मोल मला फार वाटतं.

आता कटकटी.

पहिली गोष्ट, यंत्र चांगलं असलं तरी सॅम्पल वाईट असेल तर उत्तर वाईटच येतं, आणि यंत्र ते तितक्याच ठामपणे दाखवतं. सिरिंजमधला एक बुडबुडा पुरतो. हवेत पीओटू 150 ते 160 च्या घरात आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शून्य. शुद्ध ऑक्सिजनवरच्या प्राण्याचं 480 चं सॅम्पल बुडबुड्यामुळे खाली येतं, साध्या हवेवरच्या प्राण्याचं 80 चं सॅम्पल वर जातं, कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडे खोटा कमी. म्हणून सिरिंज सरळ धरून हवा ताबडतोब बाहेर, टोक बंद. द्रव हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) सिरिंजमध्ये राहिलं तर रक्त पातळ होतं आणि आयनाइज्ड कॅल्शियम खोटं उतरतं. कोरडं बॅलन्स्ड हेपरिन असलेल्या सिरिंज वापरा. कॅथेटरमधलं फ्लशचं सलाइन आधी पुरेसं ओढून घ्या. आणि सॅम्पल ठेवून देऊ नका. पेशी ऑक्सिजन वापरत राहतात, प्लॅस्टिकच्या भिंतीतून वायूंची ये-जा चालू असते. पीओटू जितका जास्त तितकं हे नुकसान मोठं. यंत्र टेबलाजवळ असण्याचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच आहे, वेग त्याच्यानंतर.

दुसरी गोष्ट तापमानाची, आणि इथे लोकांचा फार गोंधळ होतो. छाती उघडी असली की ऊष्णता वेगाने जाते. 35-36 अंशांवर उतरलेली कुत्री नेहमीचीच. यंत्र मात्र सगळं 37 वर मोजतं. थंड शरीरात वायू जास्त विरघळतात, म्हणून प्रत्यक्ष शरीरातला पीसीओटू दर अंशामागे साधारण साडेचार टक्के कमी असतो आणि पीएच 0.015 ने जास्त. शरीराचं तापमान टाइप केलं की यंत्र दुरुस्त आकडेही देतं. कोणते वाचायचे? मी उपचार ठरवताना आणि एका सॅम्पलची दुसऱ्याशी तुलना करताना 37 चेच आकडे धरते. पण कॅप्नोग्राफशी फरक काढायचा असेल तेव्हा दुरुस्त केलेला आकडा घ्यावा लागतो, कारण कॅप्नोग्राफ त्या थंड शरीरातूनच येणारी हवा मोजतो. वरची कुत्री 36 अंशांवर होती, म्हणजे तिचे 58 हे शरीरात 55-56 होते आणि खरा फरक 17 नव्हे तर 14-15. पहिल्या दिवशीच टीममध्ये हे ठरवून टाका आणि भुलीच्या चार्टवर दोन वेगळे रकाने करा.

तिसरी, यंत्राच्या पोटातला माणूस. पीएच, पीसीओटू, पीओटू हे मोजलेले आकडे, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण ऑक्सिजन सॅच्युरेशन हा आकडा यंत्र मोजत नाही, माणसाच्या हिमोग्लोबिनच्या वक्रावरून काढतं. हिमोग्लोबिन निम्मं भरायला माणसात साधारण 27 मिमी पारा लागतात, कुत्र्यात 30 च्या आसपास, मांजरात त्याहूनही जास्त. पीओटू 60 असलेल्या मांजरात यंत्र 90 टक्के सॅच्युरेशन छापतं, खरी त्याहून बरीच कमी असते. मी तो आकडा चार्टवर उतरवूच देत नाही. काही उत्पादक प्राण्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर देतात. विकत घेताना कोणत्या प्रजातींसाठी काय बदललं आहे हे लेखी मागा.

हिमॅटोक्रिटही तसाच सांभाळून घ्यायचा. तो रक्ताच्या विद्युतवाहकतेवरून काढलेला असतो. सलाइन भरपूर गेलं आणि प्रथिनं पातळ झाली की तो खऱ्यापेक्षा कमी येतो, नेमका रक्तस्राव झालेल्या प्राण्यात. या एका आकड्यावर रक्त चढवायचं ठरवू नका. केशनळी भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, पाच मिनिटांचं काम आहे.

कार्ट्रिजचे नखरे आहेत. फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायच्या, वापरण्याआधी पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या, एकदा बाहेर काढलेल्या परत फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. खोली फार थंड किंवा फार गरम असली की यंत्र चालायलाच नकार देतं, आणि आमच्या ऑपरेशन थिएटरच्या एसीखाली हे होतं. रक्त खुणेपेक्षा कमी भरलं, जास्त भरलं, मधे बुडबुडा आला की एरर आणि कार्ट्रिज वाया. छातीच्या केसच्या सकाळी मी लागतील त्याहून दोन जास्त बाहेर काढून ठेवते. माझ्याकडच्या यंत्रात लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं) आणि इलेक्ट्रोलाइट (सोडियम, पोटॅशियम वगैरे) एका कार्ट्रिजमध्ये येत नाहीत. रक्तस्रावाच्या केसमध्ये मला दोन्ही हवे असतात, आणि दोन कार्ट्रिज खर्च करताना जीव कळवळतो. सुधारणा मागायची तर पहिली हीच मागेन.

छोट्या प्राण्यांसाठी मात्र याला तोड नाही. मांजरात रक्त एकूण किलोमागे 60 मिलिलिटरच्या आसपास. पिल्लू दीड किलोचं असेल तर प्रत्येक सॅम्पल हिशेबातच धरावं लागतं. 0.1 मिलिलिटरवर काम होतं म्हणून अशा पिल्लांत वारंवार बघता येतं. खरी अडचण धमनी मिळण्याची. मांजरात शेपटीची धमनी, सशात आणि मेंढीत कानाची, मोठ्या कानांच्या कुत्र्यांतही कानाची. सराव छाती उघडावी न लागणाऱ्या साध्या केसेसमध्ये करून ठेवा.

प्रयोगशाळेतला मोठा अ‍ॅनालायझर याच्यापेक्षा सरस आहे का? सॅच्युरेशन खरोखर मोजणारं को-ऑक्सिमीटर त्यात असतं, प्रत्येक सॅम्पलचा खर्च कमी पडतो. पण तो दिवसरात्र चालू, कॅलिब्रेट केलेला ठेवावा लागतो आणि एक माणूस सिरिंज घेऊन धावावा लागतो. रोज भरपूर सॅम्पल असतील तर मोठा घ्या. नसतील तर हाच बरा.

छाती शिवून झाली की बरेच जण सॅम्पल काढणं थांबवतात, आणि इथे माझा आग्रह आहे की थांबू नका. ड्रेनमधून (छातीत ठेवलेल्या नळीतून) हवा ओढून झाली, प्राणी स्वतः श्वास घेतोय, ऑक्सिजन काढला, की साध्या हवेवर एक सॅम्पल घ्याच. पीओटू 80 च्या खाली असेल तर परत ऑक्सिजन द्या आणि ड्रेन तपासा. 60 च्या खाली ही आणीबाणी. पीसीओटू चढत असेल तर बँडेज घट्ट आहे का, ओपिऑइड (फेंटानिलसारखं वेदनाशामक) जास्त झालंय का, की दुखतंय म्हणून तो उथळ श्वास घेतोय, हे पाहा. दुखणाऱ्या बरगड्यांनी कुत्रा खोल श्वास घेत नाही. ब्लॉक पुन्हा दिल्यावर पीसीओटू खाली आलेला मी पाहिला आहे. धमनीची कॅथेटर काढली असेल तर मानेच्या शिरेतलं रक्तही चालतं, पीसीओटू धमनीपेक्षा साधारण 4 ते 6 ने जास्त धरायचा. ऑक्सिजनसाठी मात्र शिरेच्या रक्तावर जाऊ नका.

शेवटी खरेदीचं. छातीच्या केसेस क्वचित होत असतील तर कार्ट्रिजचा छोटाच बॉक्स मागवा, मुदत महिन्यांची असते आणि उरलेल्या टाकून द्याव्या लागतात. जवळच्या एखाद्या दवाखान्याकडे तेच यंत्र असेल तर बॉक्स वाटून घ्या. प्रिंटर घेतलात तर थर्मल कागदावरचे आकडे काही काळाने फिके पडतात, म्हणून प्रत्येक निकाल वेळेसकट, तापमानासकट आणि किती टक्के ऑक्सिजन चालू होता त्यासकट भुलीच्या चार्टवर हाताने उतरवा.